खोकडगावची माणसं

ऊन आणि पाऊस एकाच वेळी आला की आपल्याकडची पोरं ओरडत अंगणात धावतात, "कोल्ह्याचं लग्न लागलं!" गंमत म्हणजे जपानमधली मुलंही अशा पावसाला कोल्ह्याचं लग्नच म्हणतात. हजारो किलोमीटर दूरच्या दोन देशांना एकच कल्पना सुचली!

पण दोस्तांनो, लग्न म्हटलं की वऱ्हाड आलं, मांडव आला, पंगत आली, मानपान आला, रुसलेली आत्यासुद्धा आली. मग ते कोल्हे नुसते चार पायांचे प्राणी राहिले कुठे? ती माणसंच झाली की!

अशी कोल्हामाणसं जगभरच्या लोकांनी कल्पनेत रंगवली आहेत. जपानमध्ये 'कित्सुने' म्हणजे रूप बदलणारा कोल्हा. तो जसजसा म्हातारा आणि शहाणा होतो तसतशा त्याला शेपट्या वाढत जातात, थेट नऊपर्यंत. क्योतो शहरात फुशिमी इनारी नावाचं भाताच्या देवतेचं मोठं देवस्थान आहे. तिथे जागोजागी दगडी कोल्हे बसलेले दिसतात, कारण कोल्हा हा त्या देवतेचा निरोप्या मानला जातो. आपल्या पंचतंत्रात करटक आणि दमनक हे दोन कोल्हे सिंहाच्या दरबारात चक्क राजकारण करतात. आणि आजीच्या गोष्टीतले कोल्होबा तर तुमच्या ओळखीचेच.

या गोष्टी मला फार आवडतात. तरी एक रुखरुख राहतेच. त्यातला कोल्हा माणसासारखा बोलतो, माणसासारखा फसवतो, पण तो दिवसा झोपतो का? त्याला लाल रंग दिसतो का? तो आपल्या बाळांना कधी आणि काय भरवतो? हे कुणी विचारतच नाही. म्हणून आज आपण एक खेळ खेळू. कोल्हामाणसांचं एक नवं गाव वसवू, तेही आपल्या यवतमाळ जिल्ह्यात. खेळाचा नियम एकच. कल्पना हवी तेवढी लढवा, पण गावातली प्रत्येक रीत खऱ्या प्राण्याच्या अंगातून किंवा वागण्यातून आली पाहिजे.

आधी प्राणी ठरवू. आपल्याकडे दोन प्राणी आहेत आणि पुष्कळ लोक दोघांनाही कोल्हाच म्हणतात. एक खरा कोल्हा. रात्री गावाबाहेर कोल्हेकुई करतो तो हाच. 'कोल्हा काकडीला राजी' ही म्हणही त्याचीच. तो लांडग्या-कुत्र्यांचा अगदी जवळचा नातलग. दुसरं खोकड. विदर्भात त्याला लोमडीही म्हणतात. खोकड लहानखुरं असतं. वजन दोन ते चार किलो आणि खांद्यापाशी उंची २६ ते २८ सेंटिमीटर, म्हणजे तुमच्या दप्तरातल्या फूटपट्टीहूनही कमी. राखाडी-पिवळट अंग, सडपातळ पाय, मोठे टोकदार कान आणि अंगाच्या निम्म्याहून लांब, काळ्या टोकाची झुपकेदार शेपटी. हा प्राणी जगात फक्त भारतीय उपखंडात सापडतो. जॉर्ज शॉ या शास्त्रज्ञाने १८०० साली त्याला शास्त्रीय नाव दिलं. त्या नावात बंगाल आला असला तरी खोकड हिमालयाच्या पायथ्यापासून थेट दक्षिण भारतापर्यंत राहतं. आपली गावकरी मंडळी असणार आहेत ती ही खोकडं.

आता जागा. तुम्ही लगेच म्हणाल, टिपेश्वर! बरोबर आहे, यवतमाळ आणि जंगल म्हटलं की सगळ्यांच्या तोंडी टिपेश्वर अभयारण्यच येतं. सुमारे १४८ चौरस किलोमीटरचं जंगल, आणि त्यात वाघ. तिथला एक तरुण वाघ २०१९ साली घर शोधायला निघाला आणि नऊ-दहा महिन्यांत तीन हजार किलोमीटरपेक्षा जास्त चालून शेवटी बुलढाणा जिल्ह्यातल्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोहोचला. त्याच्या बातम्या जगभर छापून आल्या. पण खोकडाला दाट सागवानात करमत नाही. त्याला दूरवरचं दिसलं पाहिजे. आखूड गवत, मधूनच एखादी बोरीची जाळी, कडेला तुरीचं नाहीतर हरभऱ्याचं वावर, अशी उघडी जागा त्याला लागते. म्हणून आपलं खोकडगाव गावाबाहेरच्या बरडावर वसेल. ती ई-क्लासची जमीन असते ना, जिथे गावची ढोरं चरायला जातात, तिथे. मोठी माणसं तिला 'पडीक' म्हणतात. खोकडाच्या लेखी तिथे काहीच पडीक नसतं. एका खोकडाला जगायला साधारण दोन-तीन चौरस किलोमीटरचा मुलूख लागतो आणि त्यातलं जवळजवळ प्रत्येक झुडूप त्याने हुंगलेलं असतं.

पण कपाशीच्या काळ्याभोर जमिनीत का नाही घर बांधायचं? तुम्ही ही जमीन पाहिली आहे. उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि पावसाळ्यात ती फुगून चिखल होते. अशा जमिनीत खोदलेली खोली पहिल्याच झडीत बसेल. म्हणून खोकडगावचे गवंडी मुरमाचा उंचवटा शोधतील, जिथे पाणी साचत नाही. घराची रचना मात्र ऐकण्यासारखी आहे. खऱ्या खोकडाचं साधं बीळ दोन तोंडांचं असतं, मोठ्या बिळाला कितीतरी तोंडं असतात. आतले बोगदे वळणं घेत घेत एका खोलीत मिळतात आणि ही खोली जमिनीखाली दोन-तीन फुटांवर असते. शत्रू एका दाराने शिरला की घरातली माणसं भलत्याच दाराने बाहेर! यवतमाळच्या मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो तेव्हाही खाली तेवढं तापत नाही, कारण वरचा मातीचा थर ऊन अडवतो. अशी चांगली बिळं खोकडं वर्षानुवर्षं वापरतात. म्हणजे खोकडगावात जुने वाडे असणार, आणि 'हा दरवाजा आमच्या पणजीने खोदला' असं सांगणारी म्हातारी खोकडीही असणार.

एक गोष्ट आपल्याहून अगदी वेगळी आहे. मोठी झालेली खोकडं रोज बिळात झोपतातच असं नाही. पुष्कळदा ती झुडपाच्या सावलीत, गवतातच अंग टाकतात. बीळ खरं लागतं ते पिल्लांसाठी. म्हणजे आपल्या खोकडगावात घर हे मुलांच्या मालकीचं! आईबाबांनी बाहेर बोरीखाली झोपायचं आणि मुलं मोठी झाली की घराला कुलूप. तुम्हाला ही रीत आवडेल असा माझा अंदाज आहे.

खोकडगावची सकाळ आपल्या संध्याकाळी होते. दिवस मावळला की शाळेची घंटा. खोकड संधिप्रकाशात आणि रात्री हिंडणारा प्राणी आहे. दुपारच्या उन्हात त्याने फिरावं तरी कसं? कुत्र्याच्या कुळातल्या प्राण्यांना आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. घामाच्या अशा ग्रंथी त्यांच्या पावलांच्या गाद्यांपाशीच असतात. जीभ बाहेर काढून धापा टाकणं हाच त्यांचा पंखा. मोठ्या, पातळ कानांतल्या रक्तवाहिन्यांतूनही थोडी उष्णता बाहेर जाते. त्यामुळे खोकडगावात टोपी कुणी घालणार नाही. कान झाकले तर जीव गुदमरेल!

आणि डोळे! ही माझी सगळ्यात आवडती गोष्ट आहे, म्हणून इथे जरा थांबू. कुत्र्याच्या डोळ्यातली बाहुली गोल असते, कोल्ह्याची आणि लांडग्याचीही गोल. खोकडाची बाहुली मात्र उजेडात मांजरासारखी उभी फट होते. कुळ कुत्र्याचं आणि डोळा मांजराचा, हे कसं? २०१५ साली अमेरिकेतल्या बर्कली विद्यापीठाच्या मार्टिन बँक्स यांनी सहकाऱ्यांबरोबर जमिनीवरच्या २१४ जातींच्या प्राण्यांचे डोळे तपासले. त्यांना दिसलं की दबा धरून झडप घालणाऱ्या, समोर डोळे असलेल्या प्राण्यांमध्ये उभी फट पुष्कळ आढळते. त्यातही उभी फट असलेल्यांपैकी बहुतेकांची खांद्यापाशी उंची ४२ सेंटिमीटरपेक्षा कमी असते. वाघ-सिंह उंच, त्यांची बाहुली गोल. मांजर आणि खोकड ठेंगणी, त्यांची उभी. जमिनीलगत डोळे असणाऱ्या शिकाऱ्याला उडी किती लांब मारायची याचा अंदाज अचूक लागतो, आणि उभी फट त्याला त्यात मदत करते, असं या शास्त्रज्ञांचं म्हणणं आहे. शिवाय फट दिवसा पार बारीक होते आणि रात्री पूर्ण उघडते. डोळ्याच्या मागे एक चकचकीत पडदाही असतो. एकदा आत आलेला उजेड तो परत फेकतो, त्यामुळे डोळ्याला तोच उजेड दुसऱ्यांदा वापरता येतो. बाबांच्या गाडीच्या दिव्यात धुऱ्यावर दोन डोळे चमकले की समजा, तो पडदा चमकला.

मात्र या डोळ्यांना एक गोष्ट जमत नाही. आपल्या डोळ्यात रंग ओळखणाऱ्या पेशी तीन प्रकारच्या असतात, कुत्र्याच्या कुळात दोनच प्रकारच्या. निळा आणि पिवळा त्यांना वेगळा दिसतो, पण लाल आणि हिरव्यात गोंधळ होतो. फाल्गुनात आपल्या जिल्ह्यात पळस फुलतो. घाटंजी, पांढरकवडा, उमरखेड, कुठेही जा, रान पेटल्यासारखं दिसतं. खोकडगावच्या मुलांना ते केशरी तांबडं रान आपल्यासारखं दिसणारच नाही. पण बहाव्याची पिवळी झुंबरं त्यांना झकास दिसतील. म्हणून त्यांच्या शाळेचा झेंडा पिवळा आणि निळा, आणि त्यांच्या कवितांमध्ये फुलांचा राजा म्हणजे बहावा. बहाव्याच्या शेंगा खोकडं खातातही, म्हणजे दुहेरी प्रेम!

कानांचा विचार करू. माणसाला सेकंदाला सुमारे २०,००० कंपनांपर्यंतचा आवाज ऐकू येतो. खोकडाचा मोठा भाऊ म्हणजे तांबडं खोकड. शास्त्रज्ञांनी त्याचं ऐकणं मोजलं तेव्हा ते ४८,००० कंपनांपर्यंत भरलं. उंदरांची पिल्लं इतक्या बारीक आवाजात चीं चीं करतात की आपल्याला पत्ताच लागत नाही, पण अशा कानांना तो आवाज स्पष्ट येतो. मग खोकडगावच्या गवयांचे सूर आपल्या सुरांच्या कितीतरी वर चढतील. त्यांच्या मैफलीला आपण बसलो तर गायक तोंड उघडून उभा दिसेल, श्रोते डोलताना दिसतील आणि आपल्याला काहीच ऐकू येणार नाही. आपल्या वरातीतला डीजे मात्र त्यांना मुळीच सोसायचा नाही.

याच तांबड्या खोकडाची आणखी एक गंमत आहे. चेक देशातल्या संशोधकांनी त्याच्या शेकडो उड्या पाहून नोंदल्या आणि २०११ साली एक विलक्षण गोष्ट सांगितली. उंच गवतात किंवा बर्फाखाली लपलेल्या उंदरावर झेप घेताना हे प्राणी ईशान्येकडे तोंड करून झेपावणं जास्त पसंत करतात, आणि तशी झेप घेतली तर उंदीर मिळतोही जास्त वेळा. पृथ्वीच्या चुंबकत्वाची त्यांना जाणीव असावी आणि तिचा वापर ते अंतर मोजायला करत असावेत, असा त्या संशोधकांचा तर्क आहे. आपल्या खोकडावर असा अभ्यास करायला मोठं मैदान पडलं आहे. कुणी सांगावं, तुमच्यापैकीच कुणी तो करेल! तोवर खोकडगावात आपण एक रीत लावून टाकू. जेवायला बसायचं ते ईशान्येकडे तोंड करून. आपल्या घरात ईशान्येला देवघर, त्यांच्या घरात ईशान्येला ताट.

पत्रं कशी लिहितील ही मंडळी? वासाने. एखाद्या दगडावर, उंचवट्यावर लघवी किंवा विष्ठा करून ठेवायची, झाली चिठ्ठी. तुम्ही नाक मुरडलंत ना? पण त्या वासात 'मी कोण, नर की मादी, कधी येऊन गेलो' एवढी बातमी असते, आणि ती रात्रीही वाचता येते. खोकडांच्या जातीत शेपटीवर वरच्या बाजूला, बुडाजवळ एक वासाची ग्रंथीही असते. म्हणजे खोकडमाणूस जिथे जाईल तिथे आपलं ओळखपत्र बरोबर घेऊनच जाईल. शाळेत हजेरी घेताना गुरुजी नावं पुकारणार नाहीत, नुसता एक खोल श्वास घेतील.

शेपटीला कामंही पुष्कळ. खोकड सावकाश चालताना शेपटी मागे लोंबते, धावताना सरळ आडवी होते आणि पळता पळता एकदम वळताना जवळजवळ उभी राहते. त्यामुळे खोकडगावच्या कबड्डीत शेपटीकडे बघून खेळाडू कधी वळणार ते ओळखता येईल, आणि हुशार खेळाडू शेपटीने हूल द्यायलाही शिकतील.

हातांची मात्र अडचण आहे. आपल्या गळ्याखाली आडवं हाड असतं, तुम्ही बोटाने चाचपून पाहा. या हाडामुळे आपला हात बाजूला जातो, वर जातो, गोल फिरतो. कुत्र्याच्या कुळात हे हाड अगदीच नावापुरतं उरलेलं असतं. धावण्यासाठी ते बरंच, कारण खांदा मोकळेपणाने पुढेमागे सरकतो आणि ढांग लांब पडते. पण दोन्ही हात पसरून कुणाला मिठी मारणं आलं अवघड! म्हणून खोकडमाणसं भेटल्यावर नाकाला नाक लावतील. आणि चालतील बोटांवर, टाच कायम उचललेली. त्यांच्या मोच्याला टाचेची चप्पल करावीच लागणार नाही.

आता लग्न! सुरुवात त्यानेच झाली होती. पावसात ऊन पडलं की कोल्ह्याचं लग्न लागतं असं आपण म्हणतो, पण खऱ्या खोकडांच्या जोड्या जमतात थंडीत. डिसेंबर-जानेवारीच्या सुमारास, आपल्याकडे कापूस वेचणी चाललेली असते, तेव्हा. खोकडं जोडीने राहतात, आणि ही जोडी बहुधा वर्षानुवर्षं टिकते. आई ५० ते ५३ दिवस पोटुशी असते आणि मग बिळात दोन ते चार पिल्लं होतात. पिल्लांना सांभाळायला आई आणि बाप दोघंही झटतात. बाप अन्न आणतो, राखण करतो, बिळाजवळ कुणी आलं तर इशारा देतो. त्यामुळे खोकडगावात 'बाबा ऑफिसात, आई घरात' असं काही नसेल. बाळाच्या दुपट्यापासून जेवणापर्यंत सगळं दोघांनी मिळून.

पिल्लं महिन्याभराची झाली की बिळाच्या तोंडाशी येतात आणि मग चालतो तो नुसता दंगा. पाठीची कमान करून एकमेकांवर चाल करायची, उभ्या उभ्या हवेत उड्या मारायच्या, भावाची शेपटी पकडायची. हा दंगा म्हणजेच त्यांची शाळा. उंदरावर झेप घेण्याचा सराव याच उड्यांतून होतो. चार-पाच महिन्यांची झाली, पावसाळा तोंडावर आला, की पिल्लं आईबापांचा मुलूख सोडून आपापल्या वाटेने जायला लागतात. विदर्भातल्या शाळा उन्हामुळे उशिरा, जूनच्या अखेरीला उघडतात. म्हणजे तुम्ही नवी वह्या-पुस्तकं घेऊन शाळेत जाता, त्याच सुमाराला खोकडगावची मुलं गाठोडं बांधून नवं गाव वसवायला निघतात. त्यांच्याकडे निरोपाचा सण त्याच दिवसांत येईल. आणि त्या वेळी ऊन-पाऊस एकदम आला, तर आपण खुशाल म्हणायचं, कोल्ह्याचं लग्न लागलं म्हणून. गोष्ट म्हणून ते खोटं ठरत नाही.

पंगतीत काय वाढतील? इथे मी भराभर सांगतो, कारण यादी मोठी आहे. उंदीर हे मुख्य पक्वान्न. टोळ, भुंगे, वाळवी, खेकडे, सरडे, जमिनीवर घरटी करणाऱ्या पक्ष्यांची अंडी. पहिल्या पावसानंतर वाळवीचे पंखवाले किडे थव्याने निघतात ती तर मेजवानीच. आणि फळं! बोरं, जांभळं, आंबे, वडाची फळं, कडुनिंबाच्या लिंबोळ्या. वावरातले हरभऱ्याचे घाटेही. खोकडाने दोन-चार घाटे खाल्ले म्हणून रागावू नका. त्याच वावरातले उंदीर आणि टोळ ते रात्रभर टिपत असतं. जपानी शेतकऱ्यांनी भाताच्या देवतेशेजारी कोल्हा बसवला, त्यामागे उंदरांचा हा शत्रू आपल्या कामाचा आहे हे ओळखणं असावं, असं मला वाटतं.

एवढं सगळं झाल्यावर तुम्ही नक्की विचाराल, असा प्राणी खरोखर माणसाळेल का?

माणूस आणि खोकडाची ओळख फार जुनी आहे. जॉर्डन देशात सोळा हजार वर्षांहून जुनी एक दफनभूमी सापडली आहे, तिथे माणसाच्या शेजारी एक तांबडं खोकड पुरलेलं मिळालं. का पुरलं असेल? कुणीतरी लाडाने पाळलं असेल, की आणखी काही कारण असेल? हाडं बोलत नाहीत, त्यामुळे तर्कच करायचा.

पण एक प्रयोग मात्र खराखुरा झाला आणि अजूनही चालू आहे. १९५९ साली रशियातल्या सायबेरियात, नोवोसिबिर्स्क शहराजवळ, दिमित्री बेल्यायेव या शास्त्रज्ञाने तो सुरू केला. त्या काळी त्या देशात आनुवंशिकतेवर उघड संशोधन करणं धोक्याचं होतं. म्हणून आपण कातड्याच्या धंद्यासाठी चांगले प्राणी तयार करतो आहोत, असं त्यांनी दाखवलं. ल्युदमिला त्रुत ही तरुण शास्त्रज्ञ त्यांच्याबरोबर होती. बेल्यायेव १९८५ साली वारले, तरी तिने हे काम आयुष्यभर चालवलं.

प्रयोग ऐका. पिंजऱ्यातल्या चंदेरी खोकडांजवळ माणसाने हात न्यायचा. चंदेरी म्हणजे तांबड्या खोकडाचाच एक गडद रंग. कोण गुरगुरतं, कोण मागे सरतं आणि कोण शांत राहतं ते लिहून ठेवायचं. सगळ्यात शांत असलेल्या थोड्याशा प्राण्यांचीच पिल्लं पुढे वाढवायची. शिकवायचं काही नाही, लाडही करायचे नाहीत. पुन्हा पुढच्या पिढीत तेच. चौथ्या पिढीत एक पिल्लू माणसाला पाहून शेपटी हलवायला लागलं! आणखी काही पिढ्यांनी पिल्लं कुत्र्यासारखी हात चाटू लागली, माणूस निघाला की कुंई कुंई करू लागली. आणि त्याहून नवल म्हणजे त्यांची रूपंही बदलली. कुणाचे कान पडलेले, कुणाची शेपटी वर वळलेली, कुणाच्या कपाळावर पांढरा ठिपका. निवड फक्त स्वभावाची केली होती, कान-शेपटीकडे कुणी पाहिलंही नव्हतं. ते प्राणी मुळात कातड्याच्या फार्मवर पिढ्यान्पिढ्या वाढलेले होते, त्यामुळे यातले काही बदल आधीच सुरू झाले असावेत, अशी शंका अलीकडे काही शास्त्रज्ञांनी काढली आहे. ती रास्त आहे. तरीही भित्रेपणा पिढ्यान्पिढ्या कमी करता येतो आणि त्याबरोबर अंगही बदलतं, हे या प्रयोगाने फार सुंदर दाखवलं.

याचा अर्थ खोकडाचं पिल्लू घरी आणून पाळता येईल असा मुळीच नाही. रानातलं पिल्लू कितीही माया केली तरी रानाचंच राहतं. भारतात ते पकडणं वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हाही आहे.

आता जरा काळजीची गोष्ट. खोकडगावात एक भीती अशी असेल, जी आजी-आजोबांपासून पोरांपर्यंत सगळ्यांना पाठ असेल. ती भीती वाघाची नाही, कुत्र्यांची आहे. सोलापूर जिल्ह्यात नान्नजला माळढोक पक्ष्याचं अभयारण्य आहे. तिथल्या माळावर अबी तमीम वनक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी खोकडांचा अनेक वर्षं अभ्यास केला. एका प्रयोगात त्यांनी खोकडांसाठी खाऊ मांडून ठेवला आणि जवळ कुत्रा असताना काय होतं ते पाहिलं. कुत्रा दिसला की खोकडं खाऊकडे कमी फिरकत, आली तरी सावधपणे इकडेतिकडे बघण्यातच वेळ जाई. म्हणजे कुत्र्याने चावण्याचीही गरज नाही. तो माळावर नुसता हिंडत असला तरी खोकड उपाशी राहू शकतं. शिवाय डिस्टेंपर, पार्व्हो, रेबीज असे कुत्र्यांचे रोग खोकडांनाही होतात, आणि त्यात ती मरतात.

दुसरी काळजी जागेची. बरड जमीन नांगरली जाते, मुरूम खोदून नेला जातो, गायरानावर कचरा पडतो. जंगल तुटलं तर निदान आरडाओरड होते, माळ गेला तर कुणी पाहतही नाही. मला ही गोष्ट मनापासून चूक वाटते. गवताळ माळ हेही एक पुरं रान आहे. त्याची स्वतःची जनावरं आहेत, स्वतःचे पक्षी आहेत, आणि ते जंगलाइतकंच जपायला हवं.

तेव्हा मुलांनो, खोकडगावचा नकाशा तुम्ही काढा. शाळा कुठे, वासाचं टपालघर कुठे, ईशान्येचं ताट कुठे, सगळं रंगवा, आणि रंग वापरताना लाल-हिरव्याचा नियम लक्षात ठेवा. पण त्याबरोबर एवढं करा. तुमच्या शिवारात खोकडाचं बीळ असेल तर ते बुजवू देऊ नका, त्यात धूर किंवा पाणी सोडू देऊ नका. फेब्रुवारी ते जून बिळाच्या जवळ जाऊ नका, लांबूनच पाहा. माळावर जाताना आपला कुत्रा बरोबर नेऊ नका, आणि त्याला लस टोचली आहे का ते घरात विचारा. जखमी खोकड दिसलं तर हात लावू नका, मोठ्या माणसांना सांगून वनखात्याला कळवा. आणि खोकड दिसलंच, तर तारीख, वेळ, जागा आणि ते काय करत होतं ते वहीत लिहा आणि आम्हाला कळवा. पुढच्या अंकात आपण ती टिपणं छापू.